सुपरचार्ज्ड गाडीला आफ्टरकूलर बसवताना: सारखे येणारे प्रश्न

गाडीला सुपरचार्जर बसवलेले किंवा बसवायच्या बेतात असलेले लोक जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. विचारणाऱ्याचे शब्द शक्यतो तसेच ठेवलेत, सारखे प्रश्न होते ते एकात घातलेत. सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे, आणि उदाहरणं नाशिकच्या आसपासची.

१. आफ्टरकूलर म्हणजे नेमकं काय? इंटरकूलर वेगळा असतो का?

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप. तो हवा दाबतो, दाबली की हवा तापते, ती इंजिनात शिरायच्या आत थंड करणारा जाळीचा डबा म्हणजे आफ्टरकूलर. दोन टप्प्यांत हवा दाबणाऱ्या मशीनमध्ये मधल्या कूलरला इंटरकूलर म्हणायचं आणि शेवटच्याला आफ्टरकूलर, पण गॅरेजमध्ये दोन्हीला इंटरकूलरच म्हणतात आणि पार्ट मागताना त्याने काही अडत नाही. विचारायचं ते हे की हवेने थंड होणारा हवाय की पाण्याने, ते प्रश्न ४ मध्ये.

२. हवा तापून तापून किती तापणार? एवढा खटाटोप करण्याइतकी तापते का?

तापते, आणि बऱ्याच जणांच्या अंदाजापेक्षा जास्त. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, म्हणजे आपल्याकडे हवेचा दाब ०.९४ बारच्या आसपास. मे महिन्यातल्या दुपारी ३८ अंश धरा आणि अर्धा बार बूस्ट (बाहेरच्या दाबाच्या वर सुपरचार्जरने चढवलेला दाब), म्हणजे हवा दीडपटीहून थोडी जास्त दाबली जाते. सुपरचार्जर अगदी आदर्श असता तरी हवा ४० अंशांनी तापली असती. रूट्स टाइपचा सुपरचार्जर साधारण ६० टक्के कार्यक्षमतेने चालतो असं धरलं तर वाढ होते ६५-६७ अंश, म्हणजे बाहेर पडणारी हवा १०० च्या पार. सेंट्रिफ्युगल किंवा ट्विन-स्क्रू थोडे बरे, ९०-९५ वर थांबतात. आणि हे आत जाणारी हवा ३८ ची धरून! एअर फिल्टर बॉनेटखाली रेडिएटरच्या मागे उघडा लावलेला असेल तर ती आधीच ५५-६० ची असते, मग पुढचा हिशोब तुम्हीच करा.

एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली की नॉकिंग, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसणं. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) नॉक सेन्सर असेल तर तो टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे ओढतो आणि गाडी मंद पडते, सेन्सर नसेल तर पिस्टन मार खातो.

३. मग आफ्टरकूलर लावला की पॉवर किती वाढेल? विकणारा १५ टक्के म्हणतोय.

त्याचं गणित असं: १०० अंशांची हवा ५५ वर आणली की घनता १३-१४ टक्क्यांनी वाढते, वर थोडं गोल केलं की झाले १५. पण हे गणित दाब तेवढाच राहिला तर खरं, आणि तुमच्या गाडीत तो तेवढाच राहतो का हे सुपरचार्जर कोणता आहे त्यावर आहे.

रूट्स आणि ट्विन-स्क्रू हे एका फेऱ्याला ठरलेलीच हवा ढकलतात. ईटनचा एम४५ एका फेऱ्यात ४५ घन इंच, म्हणजे पाऊण लिटरला थोडी कमी, ऐसिनचा एएमआर५०० अर्धा लिटर. पुली आणि आरपीएम तेच असतील तर मागून येणारी हवा जवळपास तेवढीच, पुढे कूलर लावा नाहीतर नका लावू. कूलरमुळे ती आकसते, त्यामुळे मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागातला) दाब उतरतो, पण हवेचं वजन फारसं वाढत नाही. म्हणजे नुसता डबा बसवून, ट्यूनिंगला हात न लावता निघालात तर सीटवर पाठ आपटेल असं काही होणार नाही, आणि 'पैसे गेले राव' असे फोन येतात ते इथूनच.

फायदा दुसऱ्या वाटेने येतो. हवा थंड म्हणून नॉकिंग लांब गेलं, टायमिंग पुढे नेता आलं, सुपरचार्जरला कमी दाबाविरुद्ध ढकलावं लागतं म्हणून बेल्टवरचा भार थोडा कमी झाला, आणि मग छोटी पुली टाकून खरोखर जास्त हवा ढकलायची सोय झाली. कूलर पॉवर देत नाही, तो जागा करून देतो, आणि ती जागा वापरायची की नाही हे ट्यूनिंगमध्ये ठरतं (प्रश्न १४).

सेंट्रिफ्युगलचं वेगळं. त्याला फेऱ्यामागे ठरलेलं माप नसतं, पुढची हवा आकसली की तो जास्त ढकलतो, तिथे थंडाव्याचा फायदा बराचसा थेट मिळतो.

४. एअर-टू-एअर घ्यावा की वॉटरवाला?

एअर-टू-एअर म्हणजे बंपरमागे मोठी जाळी, सुपरचार्जरपासून तिथपर्यंत एक पाइप आणि तिथून थ्रॉटलपर्यंत दुसरा. पंप नाही, पाणी नाही, बिघडायला फारसं काही नाही. गाडी पळत असली की उत्तम, संभाजीनगर किंवा धुळ्याच्या बाजूला हायवेवर चालवणाऱ्याने हाच घ्यावा. फक्त पाइप लांब होतात आणि छोट्या हॅचबॅकमध्ये ते न्यायला जागा शोधताना फिटर रडकुंडीला येतो.

वॉटरवाल्यात कूलरचा डबा इंजिनजवळच बसतो, पाइप आखूड, आणि त्या डब्यातली उष्णता पाणी पुढच्या छोट्या रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. पाण्याला तापायला वेळ लागतो म्हणून सिग्नलवरून सिग्नलवर छोटे छोटे झटके मारणाऱ्याला हा बरा वाटतो. पण एकदा पाणी तापलं की उतरायलाही तेवढाच वेळ घेतं. द्वारका सर्कलला संध्याकाळी अडकून मग लगेच गाडी ताणली तर पहिली काही मिनिटं तापलेलं पाणीच फिरत असतं. पंप, वायरिंग, होज, एअर लॉक हे सगळं व्याप वेगळंच.

सुपरचार्जर थेट मॅनिफोल्डवर बसणारा असेल तर निवड तुमच्या हातात फारशी नसते, पाण्याची चपटी कोर (कूलरची मुख्य जाळी) मॅनिफोल्डच्या पोटात बसवणं हाच सरळ मार्ग. बाकी ठिकाणी जागा मिळत असेल तर मी एअर-टू-एअरच सुचवतो, कारण आपल्याकडे गाडी बंद पडली की टोचन करून आणायला माणूस शोधावा लागतो आणि पंप बरोबर रविवारीच मरतो.

५. माझी जुनी मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसर आहे. हिला बसवता येईल का?

तिला कंपनीकडूनच आहे. सी २०० सारख्या कॉम्प्रेसर (मर्सिडीजचं सुपरचार्जरवाल्या गाड्यांचं नाव) गाड्यांमध्ये हवेवर चालणारा कूलर असतोच, आणि रेंज रोव्हर किंवा जॅग्वारच्या सुपरचार्ज्ड इंजिनांमध्ये पाण्यावरचा. अशा गाडीत नवीन काही करण्याआधी आहे ते धड चालतंय का बघा: पाइपांच्या जोडांवर तेलाचे ओघळ, जाळीत बसलेली माती, वॉटरवाल्यात पंप फिरतोय का. जुन्या गाडीत मोठा कूलर टाकण्यापेक्षा आहे तोच धुऊन आणि होज बदलून मिळणारा फरक जास्त असतो, खर्च तर विचारूच नका, किरकोळ.

६. मला खरंच गरज आहे का, हे घरच्या घरी कसं कळेल?

मोजा. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लागणारा साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर चालतो, त्यात इनटेक एअर टेम्परेचर, म्हणजे आयएटी, आणि इग्निशन टायमिंग हे दोनच आकडे बघायचेत. बघण्याचं काम शेजारच्याला द्या. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत ठेवली की दोन-चार मिनिटांत चित्र स्पष्ट होतं: आयएटी चढत चालला आणि त्याच आरपीएमला टायमिंग उतरत चाललं तर गरज आहे.

एक फसवणूक लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांमध्ये आयएटी सेन्सर एअर फिल्टरजवळ, आत जाणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरमध्येच असतो, म्हणजे सुपरचार्जरच्या अलीकडे. तो तुम्हाला बाहेरच्या हवेचं तापमान दाखवणार आणि तुम्ही खुशीत राहणार की माझी तर ४५ च्या वर जातच नाही. सेन्सर कुठे आहे ते आधी बघा, अलीकडे असेल तर मॅनिफोल्डवर एक वेगळा लावून मोजा.

अगदी कमी बूस्ट, म्हणजे पाव-तीन दशांश बारपर्यंत, आणि गाडी शहरातच चालते अशा केसमध्ये मी कूलरऐवजी थंड हवेचा इनटेक आणि नीट ट्यूनिंग करा म्हणून सांगतो.

७. सामान काय काय लागतं?

एअर-टू-एअरला कोर, ॲल्युमिनियमचे पाइप, सिलिकॉनचे होज, टी-बोल्ट क्लॅम्प, ब्रॅकेट, आणि बहुतेक वेळा बायपास व्हॉल्व्हची (नको तेव्हा दाबलेली हवा वळवणाऱ्या झडपेची) जागा बदलायला लागते. वॉटरवाल्याला याशिवाय पुढचा हीट एक्स्चेंजर, १२ व्होल्टचा सर्क्युलेशन पंप, छोटी टाकी, पाऊण इंची होज, रिले, फ्यूज आणि कूलंट. दोन्हींत मॅनिफोल्डवर आयएटी सेन्सर, आणि शक्य असेल तर कूलरच्या आधी आणि नंतर दाब मोजायला एकेक छोटा निपल. वेल्डिंग चालू असतानाच निपल लावून घ्या, नंतर परत सगळं उघडावं लागतं.

८. इंजिनच्या रेडिएटरचंच पाणी कूलरला फिरवलं तर? वेगळा रेडिएटर कशाला?

इंजिनचं कूलंट चालू गाडीत ८५ ते ९५ अंशांवर असतं. त्याने १०० ची हवा कितीशी थंड होणार? उलट हळू चालवताना ५० ची हवा तेच पाणी ८० वर नेऊन ठेवेल. सर्किट वेगळंच पाहिजे, यात वाद नाही.

९. पुढचा हीट एक्स्चेंजर नेमका कुठे बसवायचा? एसी कंडेन्सरच्या मागे जागा आहे.

मागे नको, एसी चालू असताना तिथे गरम हवाच येते. सगळ्यात पुढे, कंडेन्सरच्या समोर. एक-दीड सेंटिमीटर फट ठेवा आणि कडेने फोमच्या पट्ट्या लावा, नाहीतर हवा जाळीतून न जाता बाजूने पळते, तिला सोपा रस्ताच हवा असतो. यामुळे मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये एसी जरा कमी वाटेल, ते धरून चला.

बंपरच्या मागचा लोखंडी बीम कापायचा नाही. फिटर म्हणेल इथून एवढंसं कापतो, काही होत नाही. तो धडकेचा बीम आहे आणि त्याच्या आसपास बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे सेन्सर असतात, ते हलवायचे नाहीत, उलटे तर मुळीच बसवायचे नाहीत. जागा होत नसेल तर छोटा कोर घ्या.

१०. पंप किती ताकदीचा? आमच्याकडे फवारणीचा १२ व्होल्टचा पंप पडून आहे, तो चालेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी, कारण निफाड-दिंडोरीकडून हा प्रश्न दर सीझनला येतो. नाही चालणार. पाठीवरच्या बॅटरी पंपात डायफ्रामचा पंप असतो, तो दाब भरपूर देतो पण पाणी मिनिटाला तीन-चार लिटरच. शिवाय दाब वाढला की त्यातला स्विच त्याला बंद करतो, आणि तासनतास गरम पाण्यावर चालायला तो बनवलेलाच नाही. द्राक्षावर फवारायला उत्तम आहे, तिथेच राहू द्या.

आता हिशोब. १.६ लिटरचं इंजिन, अर्धा बार बूस्ट, ६,००० आरपीएम: हवा सेकंदाला साधारण ११० ग्रॅम. ती ४३-४५ अंशांनी उतरवायची तर पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता काढावी लागते, म्हणजे घरचे अडीच गीझर एकदम चालू. पाणी मिनिटाला १५ लिटर फिरत असेल तर एका फेऱ्यात ते साडेचार-पाच अंशच तापतं, म्हणजे १५ लिटर पुरे. याच्या दुप्पट पंप लावला तर तो वाढीचा आकडा निम्मा होईल, हवेत फरक एक-दोन अंशांचा. पैसे पंपात घालण्यापेक्षा पुढच्या हीट एक्स्चेंजरमध्ये घाला.

कंपनीच्या गाड्यांत येणारे ५० वॉटच्या आसपासचे सर्क्युलेशन पंप चार-पाच अँपिअर घेतात. रिलेवरून सप्लाय द्या, १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, आणि रिलेचा सिग्नल इग्निशनवरून. वायर चिमट्याने पिळून टेप मारणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पंप मेला तरी डॅशबोर्डवर काही पेटत नाही हे लक्षात घ्या, म्हणून आयएटी ७० च्या वर गेला की बझर वाजेल एवढी सोय करून घ्याच.

११. कूलंट किती आणि पाणी किती?

उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा चांगलं, पण ॲल्युमिनियम गंजू नये म्हणून कूलंट लागतंच. आपल्याकडे तीस टक्के कूलंट, सत्तर टक्के डिस्टिल्ड वॉटर ठीक. थंडीची काळजी करायची का असं निफाडचे लोक हमखास विचारतात, तिथे थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि कधी कधी द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठतं हे खरं, पण तीस टक्क्यांत पाणी शून्याच्या खाली बऱ्यापैकी उतरेपर्यंत गोठत नाही. बोअरचं पाणी मात्र घालू नका, कोरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो आणि तो परत निघत नाही.

१२. सगळं बसवलं, पंप चालू आहे, तरी पाणी फिरतच नाही.

एअर लॉक. हे पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत, त्यांना तोंडाशी पाणी आयतं मिळावं लागतं, म्हणून पंप टाकीच्या खाली आणि सर्किटमध्ये शक्य तेवढा तळाला. टाकीचं झाकण मात्र सगळ्यात उंच जागी. गाडीचं तोंड चढावर करून उभी करा, झाकण उघडं, पंप नुसत्या इग्निशनवर चालू-बंद करत राहा, होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. टाकीत बघितलं की परतीच्या होजमधून पाण्याची धार आत पडताना दिसली पाहिजे, पाणी नुसतं थरथरत असेल तर अजून हवा आहे. कोरमधून पाणी खालून आत आणि वरून बाहेर असं जोडलं तर हवा आपोआप निघते, उलटं जोडलेलं असेल तर तासभर होज दाबत बसा.

१३. पाइप आणि जोड कसे करावेत? रस्त्यात पाइप निसटला तर?

निसटतोच, जर टोकाला उभार नसेल. ॲल्युमिनियमचा पाइप कापून तसाच गुळगुळीत होजमध्ये घातला की क्लॅम्प कितीही आवळा, इंजिन तापलं, होजला आतून तेलाचा ओलावा आला की बूस्टखाली सरकतो. पाइपच्या टोकाला बीड रोल करून घ्यायचा, नाहीतर आर्गन वेल्डिंगवाल्याकडून टोकाभोवती बारीक मणी चढवून घ्यायचा आणि फाइल मारायची. अंबड-सातपूरला ॲल्युमिनियमचं आर्गन करणारे चांगले हात आहेत, फक्त रेडिएटरची पातळ जाळी आणि जाड पाइप ही दोन वेगळी कामं, जाळीवर हात बसलेला माणूस शोधा.

होज सिलिकॉनचा, टी-बोल्ट क्लॅम्प, साधी स्क्रूवाली क्लिप सिलिकॉनला कापते. इंजिन हलतं आणि कूलर बॉडीला बोल्ट केलेला असतो, म्हणून मध्ये एक तरी लवचिक जोड हवाच. मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत पाइप निसटला की मोजलेली हवा बाहेर जाते, मिक्स्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि गाडी धूर काढत बंद पडते. एमएपी सेन्सरवाली, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारी, गाडी सुपरचार्जर नसल्यासारखी का होईना पण घरी येते.

बायपास व्हॉल्व्हची हवा बाहेर सोडून फुस्स आवाज काढायची हौस असते, मास एअर फ्लोवाल्या गाडीत ती याच कारणाने करू नका, परत इनटेकमध्ये वळवा.

१४. कूलर बसवल्यावर ट्यूनिंग करावंच लागतं का? तशीच चालते की.

तशी चालते, पण मग प्रश्न ३ मध्ये म्हटलं तसं, जागा केली आणि वापरली नाही. तीन गोष्टी बघाव्या लागतात. आयएटी सेन्सर कूलरच्या पुढे आणणं, आणि सेन्सर चटकन प्रतिसाद देणारा, उघड्या टोकाचा हवा, पितळी झाकणातला तापायला आणि उतरायला उशीर लावतो. दुसरं, ईसीयूमध्ये आयएटीप्रमाणे टायमिंग कापण्याचा जो तक्ता असतो तो मूळ कंपनीने सेन्सर जुन्या जागी धरून केलेला, तो नवीन जागेसाठी बदलणं. तिसरं एमएपी सेन्सर: साध्या इंजिनाचा सेन्सर बाहेरच्या दाबाच्या थोडा वर जाऊन अडकतो, त्याला अर्धा बार बूस्ट दिसतच नाही, म्हणून दोन-अडीच बारचा टाकून ईसीयूला तसं सांगावं लागतं.

वाइडबँड मीटर (हवा-पेट्रोल प्रमाण दाखवणारा) आणि नॉक ऐकायचं साधन नसेल तर त्याला ट्यूनिंग म्हणू नका. 'रोडवर अंदाजाने करतो, अनुभव आहे' असं म्हणणाऱ्याचा अनुभव कुणाच्या पिस्टनवर आला हे एकदा विचारा.

१५. बसवल्यापासून बूस्ट कमी दाखवतोय, ०.५ वरून ०.४ वर आला. लीक आहे का?

असेलच असं नाही. रूट्सवाल्या गाडीत हे अपेक्षितच, हवा आकसली म्हणून दाब उतरला (प्रश्न ३). पण ओळखायचं कसं? प्रश्न ७ मधले ते दोन निपल इथे कामाला येतात. कूलरच्या आधी आणि नंतर दाबातला फरक ०.०५ ते ०.१ बार असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर कोर छोटा किंवा आतून तुंबलेला. दोन्हीकडे दाब सारखाच उतरला आणि आयएटीही उतरला तर सगळं बरोबर आहे, गेजकडे बघणं सोडा. दाब उतरला पण तापमान उतरलं नाही, तेव्हा लीक शोधा: इनटेक बंद करून कॉम्प्रेसरने हळूहळू हवा भरायची, बूस्टच्या दीडपटीच्या वर जायचं नाही, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी.

१६. भंगारात स्कॉर्पिओचा इंटरकूलर स्वस्तात मिळतोय. लावू का?

लावा, पण डोळे उघडे ठेवून. डिझेल टर्बो गाडीचा कूलर तुमच्या अर्ध्या बारपेक्षा जास्त दाब सोसायला बनवलेला असतो, त्यामुळे प्लास्टिकच्या टाक्या आहेत म्हणून घाबरू नका. अडचण आतल्या तेलाची. डिझेलच्या कूलरमध्ये काळं चिकट तेल साठलेलं असतं, ते पेट्रोल इंजिनात गेलं की नॉकिंगला आमंत्रण. डिग्रीझर भरून रात्रभर, मग गरम पाणी, मग परत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. नंतर तोंडं बंद करून एक बार हवा भरा आणि पिंपात बुडवा. बुडबुडा दिसला तर जिथून आणला तिथे परत. जाळी वाकलेली, दगड लागलेली असेल तरी चालते, पण प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या सांध्यावर एम-सीलचा डाग दिसला की हात लावू नका.

१७. ई२० पेट्रोलने काही फरक पडतो का? प्रीमियम टाकावं का?

ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग सोसायची ताकद, जुन्या ९१ वाल्या पेट्रोलपेक्षा जास्त, आणि इथेनॉल वाफ होताना उष्णताही जास्त ओढून घेतं, म्हणजे नॉकिंगच्या बाजूने चांगलंच. पण तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं: शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोल प्रमाण १४.७, ई२० ला साधारण १३.५. इंजेक्टर आधीच ८५-९० टक्के उघडे राहत असतील तर वरच्या आरपीएमला मिक्स्चर लीन होईल (पेट्रोल कमी पडेल), मोठे इंजेक्टर लागतील. एक्सपी९५ किंवा एक्सपी१०० टाकायचं तर ट्यून त्याच पेट्रोलवर करा आणि मग कायम तेच टाका, सटाण्याच्या पुढे रात्री पंपावर प्रीमियम संपलेलं असतं तेव्हा काय करणार याचा विचार करून.

१८. कूलरमधलं पाणी इंजिनात गेलं तर?

वॉटरवाल्यातली खरी भीती हीच. कोरची नळी आतून फुटली तर पाणी मॅनिफोल्डमध्ये साठतं, गाडी उभी असताना एखाद्या सिलिंडरमध्ये उतरतं, आणि सकाळी सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून कोर बसवायच्या आधी पाण्याच्या बाजूला एक बार दाब देऊन रात्रभर ठेवा, सकाळी गेजचा काटा तिथेच हवा. नंतर टाकीची पातळी दर पंधरवड्याला बघा. बाहेर कुठे ओल नाही आणि पातळी उतरतेय, किंवा गाडी ताणल्यावर टाकीत बुडबुडे येताहेत, तर सेल्फ मारू नका, आधी प्लग काढा.

१९. सर्व्हिसिंगला काय लक्ष द्यायचं?

पाइपांचे क्लॅम्प पहिल्या आठवड्यानंतर एकदा आवळा, मग सर्व्हिसिंगला. कूलंट दोन वर्षांनी. आणि पुढची जाळी. लासलगाव-विंचूरच्या रस्त्याला कांद्याच्या ट्रॅक्टरमागे पाच-दहा किलोमीटर चाललात की टरफलं उडून ग्रिलमधून आत जातात आणि जाळीला ओल्या कागदासारखी चिकटून बसतात, लालसर, एकावर एक, बाहेरून दिसतही नाहीत. बंपर काढल्यावर निम्मी जाळी झाकलेली दिसते. सीझनमध्ये महिन्यातून एकदा आतल्या बाजूने बाहेर असं पाणी मारा, साध्या नळीने, प्रेशर वॉशरने पंख वाकतात.

२०. टाकीत बर्फ टाकला तर?

ड्रॅगला टाकतात, आणि त्या दहा-पंधरा सेकंदांपुरतं काम करतं. रोजच्या गाडीला अर्थ नाही. तरी करायचंच असेल तर पंपाच्या तोंडाला जाळी लावा, बर्फाचा तुकडा अडकला की पंप कोरडा फिरतो.

२१. आरटीओ, इन्शुरन्सचं काय? पकडतात का?

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीचा तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच धरून ठेवलं. दंडाची तरतूद मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मुळात सुपरचार्जर नसलेल्या गाडीला तो बसवणं हाच मोठा मुद्दा, कूलर त्याच्या मागून येतो. त्यामुळे 'नुसता कूलर आहे साहेब' हे पेठ रोडला आरटीओत जाऊन सांगू नका. कंपनीचाच सुपरचार्जर असेल आणि कंपनीच्याच जागी त्याच मापाचा नवीन कूलर टाकत असाल तर ती दुरुस्ती झाली.

इन्शुरन्स कंपनीला बदल लेखी कळवलेला नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, मग अपघाताचा इंजिनशी संबंध नसला तरी वाद घालत बसावं लागतं. पीयूसी पास होते, ट्यूनिंग नीट असेल तर.

२२. खर्च किती आणि गाडी किती दिवस अडकते?

आकडा देत नाही, कोर आणि पंप बाहेरून येतात आणि भाव सारखे हलतात. एवढं सांगतो की एअर-टू-एअरमध्ये निम्म्याहून जास्त पैसा मजुरी आणि वेल्डिंगचा, वॉटरवाल्यात सामानाचा. वाचवायचं तर कोर जुनी घ्या (प्रश्न १६), क्लॅम्प, होज, सेन्सर आणि ट्यूनिंगमध्ये वाचवू नका. फिटिंगला दोन-तीन दिवस धरा, आर्गनवाल्याकडे लाइन असेल तर आठवडा.

२३. नाशकात मस्त चालते, मुंबईला गेलं की नॉक करते. असं कसं?

हा प्रश्न फार जणांना पडत नाही, पण ज्यांना पडतो त्यांचं इंजिन धोक्यात असतं. पुली ठरलेली असली की सुपरचार्जर हवेचा दाब ठरावीक पटीत वाढवतो. नाशकात ०.९४ बारची हवा १.५३ पट झाली की गेजवर अर्धा बार. तीच पट ठाण्याला, जिथे बाहेरचा दाब १.०१, तिथे गेजवर ०.५४ च्या आसपास. चार शतांश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण सिलिंडरमध्ये हवा सात टक्के जास्त गेली, आणि घाट उतरून खाली आल्यावर ट्रॅफिकमध्ये कूलर तापलेला. इथे ट्यूनरने तक्त्याचे वरचे रकाने भरलेच नसतात, कारण नाशकात गाडी तिथपर्यंत पोचलीच नव्हती.

उपाय दोन. ट्यूनिंग करतानाच वरच्या दाबाच्या रकान्यांत टायमिंग दोन-तीन डिग्री मागे आणि मिक्स्चर जरा रिच ठेवून घ्या, किंवा एकदा लॅपटॉप घेऊन खाली भिवंडीपर्यंत जाऊन लॉग काढा. उलटी केस, म्हणजे मुंबईत ट्यून करून आणलेली गाडी इथे थोडी मऊ वाटते, तिला काही करायची गरज नाही.

२४. गाडी विकताना परत स्टॉक करता येईल का?

बीम कापलेला नसेल, बंपरच्या आत नवीन भोकं कमी असतील आणि मूळ पाइप, मूळ सेन्सर, मूळ ईसीयू फाइल जपून ठेवली असेल तर येईल. फाइल ट्यूनरकडेच राहते आणि दोन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही, म्हणून काम सुरू व्हायच्या आधी मूळ फाइलची कॉपी पेनड्राइव्हवर मागून घ्या. आफ्टरकूलर काढलात तर पुली आणि ट्यूनिंग दोन्ही परत आधीचं करावं लागतं, नुसता डबा काढून पाइप सरळ जोडणाऱ्याला गाडी देऊ नका.